आठवड्याची सुई

लग्नघरी पंगत उठल्यावर पूर्वी कुंदा कोणत्या दुकानाचा आणि मांडे कोणी केले, अशी चौकशी होत असे. आता त्याच घोळक्यात हलक्या आवाजात विचारले जाते, "अडीच चालू आहे की पाच?" ज्याला ठाऊक नाही त्याला हा प्रश्न सोन्याच्या तोळ्यांचा वाटावा. परंतु तो असतो वजन उतरविण्याच्या इंजेक्शनाच्या मिलिग्रॅमचा. टिर्झेपटाइड हे औषध मौन्जारो या नावाने मार्च २०२५ मध्ये, आणि सेमाग्लुटाइड हे वेगोवी या नावाने जून २०२५ मध्ये आपल्या देशात विक्रीस आले. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती. पुढे देशी कंपन्यांना ते बनविण्याची वाट मोकळी. तेव्हा हा विषय मोठ्या शहरांतील धनिकांचा, आपला नव्हे, असे म्हणून तो बाजूला सारण्याचे दिवस सरले आहेत.

मी वैद्य नव्हे, मराठीचा शिक्षक. परंतु सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाकडे गावातील मंडळी जे कागद वाचून घ्यावयास आणतात, त्यांत शेताचे उतारे आणि बँकेच्या नोटिसा यांच्या जोडीला आता औषधांची माहितीपत्रकेही येऊ लागली आहेत. पत्रक इंग्रजीत, अक्षर मोहरीएवढे, आणि घडी उलगडली की टेबल व्यापून उरेल एवढा कागद. मध्यंतरी असेच एक पत्रक पुढ्यात ठेवून एका गृहस्थांनी विचारले, "गुरुजी, दिवसातनं किती वेळा घ्यायचं, तेवढं सांगा की!"

दिवसातून नव्हे, आठवड्यातून एकदा. या औषधाविषयी जे जे घोटाळे कानावर येतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ मला या एका फरकात दिसते. आपले औषधपाणी सकाळ-संध्याकाळच्या हिशेबाने चालते. ताप उतरला की गोळी बंद. पित्त झाले की त्या दिवशी जेवण हलके. हे औषध मात्र आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या हिशेबाने चालते, आणि ते घेणाऱ्याने आपला हिशेबही तसाच बदलावा लागतो.

त्याचे कारण थोडक्यात असे. जेवण झाले की आपल्या आतड्यांतून एक संप्रेरक स्रवते. जीएलपी-१ हे त्याचे शास्त्रीय नाव. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास सांगते, जठर रिकामे होण्याचा वेग मंद करते आणि मेंदूला 'आता पुरे' असा निरोप देते. हा नैसर्गिक निरोप्या मोठा अल्पायुषी. दोन-तीन मिनिटांतच त्याचा जोर ओसरतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटात गिला नावाची एक विषारी पाल आढळते. तिच्या विषात याच्याशी साम्य असलेला, पण अधिक काळ टिकणारा पदार्थ सापडला आणि त्यावरून सिद्ध झालेल्या एक्झेनाटाइड या मधुमेहावरील औषधास २००५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ते दिवसातून दोनदा टोचावे लागे. पुढील संशोधनाने हे आयुष्य वाढवीत नेले. सेमाग्लुटाइड शरीरात निम्मे होण्यास सुमारे एक आठवडा लागतो, टिर्झेपटाइडला सुमारे पाच दिवस. म्हणूनच आठवड्यातून एक सुई पुरते. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की, एकदा टोचलेले औषध परत काढून घेता येत नाही. शेवटच्या सुईनंतरही सेमाग्लुटाइडचा अंश पाच ते सात आठवडे रक्तात राहतो.

गुण नाही असे कोणी म्हणू नये. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १,९६१ लोकांनी भाग घेतला. त्यांपैकी सेमाग्लुटाइड मिळालेल्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरले. नुसती लुटुपुटीची सुई मिळालेल्यांचे २.४ टक्क्यांनी. टिर्झेपटाइडच्या २०२२ मधील चाचणीत सर्वांत मोठ्या मात्रेवर ७२ आठवड्यांत ही घट २०.९ टक्क्यांपर्यंत गेली. हृदयविकार असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ स्थूल व वजनदार रुग्णांची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण सेमाग्लुटाइडमुळे एक-पंचमांशाने कमी आढळले. ज्याचे गुडघे वजनाखाली दबले आहेत, रक्तदाब व साखर दोन्ही चढलेली आहेत, त्याला हे वरदान वाटले तर नवल नाही. स्थूल माणसाला 'तोंडावर ताबा ठेवा' एवढेच सांगून वाटेला लावण्याची आपली जुनी रीत मला तरी कधीच न्याय्य वाटली नाही.

पण ते कोणासाठी, हे ठरलेले आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. हा भागाकार ३० किंवा अधिक असेल, अथवा २७ किंवा अधिक असून जोडीला रक्तदाब, मधुमेह यांसारखी वजनाशी निगडित व्याधी असेल, तर वजनासाठी हे औषध देता येते, असे त्याच्या मान्यतेत सांगितले आहे. एक मीटर साठ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे वजन ७० किलो असेल तर उत्तर २७.३ येते; ७७ असेल तर ३० ओलांडते. शालू नीट बसावा म्हणून चार किलो उतरविणे या हिशेबात कोठेच बसत नाही.

आणि तरी सर्वाधिक चौकशी होते ती लग्नासाठीच. मुलगी ठरली की मुलाकडची एखादी मावशी सहज म्हणून जाते, "थोडी बारीक झाली तर फोटो छान येतील हं!" आणि इकडे मुलीच्या आईची झोप उडते. अशा घरांनी आधी पंचांगाकडे नव्हे, मात्रेच्या पायऱ्यांकडे पाहावे. वेगोवीची पहिली पायरी ०.२५ मिलिग्रॅमची. ती चार आठवडे, मग ०.५, मग १, मग १.७ आणि शेवटी २.४, प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे. संक्रांतीला आरंभ केला तर पूर्ण मात्रेपर्यंत पोहोचावयास सोळा आठवडे, म्हणजे मे महिना उजाडतो. टिर्झेपटाइड अडीचपासून सुरू होते, चार आठवड्यांनी पाच, आणि पुढे डॉक्टरांना आवश्यक वाटले तरच अडीच-अडीचने वर. या पहिल्या पायऱ्या वजन उतरविण्यासाठी नसतातच. शरीराला, विशेषतः पोटाला, सवय व्हावी म्हणून त्या असतात. 'मला अडीचने काहीच फरक पडला नाही' म्हणून तिसऱ्या आठवड्यात स्वतःच पाच घेणारा माणूस ओकाऱ्यांनी हैराण होतो, आणि ती सुई पुढील कित्येक दिवस त्याची पाठ सोडीत नाही.

लग्नाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट आहे. ती आई, मुलगी आणि डॉक्टर यांच्यात संकोच सोडून बोलली गेली पाहिजे. गरोदरपणात ही औषधे घेऊ नयेत. दिवस राहावेत असा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. लग्नाच्या आदल्या आठवड्यापर्यंत सुई घेणारी आणि लगेच 'गोड बातमी'ची वाट पाहणारी सासर-माहेरची मंडळी यांनी हे गणित मांडलेले नसते. टिर्झेपटाइडबाबत तर आणखी एक पेच आहे. जठर मंदावल्यामुळे संततिनियमनाच्या पोटात घ्यावयाच्या गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून औषध सुरू केल्यावर चार आठवडे, आणि प्रत्येक वेळी मात्रा वाढविल्यावर चार आठवडे, निरोधासारखे दुसरे साधन वापरावे असे पत्रकातच म्हटले आहे. ज्या मुलींची पाळी स्थूलतेमुळे अनियमित असते, त्यांना वजन उतरू लागताच अनपेक्षितपणे दिवस राहण्याचा संभव वाढतो, हेही ध्यानी असावे. अंगावर पाजणाऱ्या मातेने डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुईला हात लावू नये.

आता मापाकडे वळतो. शिक्षकाचा जीव येथे थोडा अधिक रमतो, त्याला वाचकांनी क्षमा करावी. मौन्जारो आपल्याकडे प्रथम आले ते काचेच्या कुपीत. अडीच मिलिग्रॅमची कुपी आणि पाच मिलिग्रॅमची कुपी, दोन्हींत द्रव मात्र अर्धाच मिलिलिटर. आतला द्रव दोन्हींत सारखाच, औषध एकीत दुप्पट. मिलिग्रॅम हे औषधाचे वजन, मिलिलिटर हे द्रवाचे माप, आणि 'युनिट' हे इन्सुलिनचे माप. या औषधाशी त्याचा काहीही संबंध नाही. पण घरात असते ती इन्सुलिनची सिरिंज, आणि तिच्यावरील खुणा युनिटच्याच असतात. त्यातही आपल्या देशात तिच्या दोन जाती आहेत. लाल टोपणाच्या सिरिंजेत एका मिलिलिटरचे चाळीस भाग केलेले असतात, नारिंगी टोपणाच्या सिरिंजेत शंभर. आता समजा, कोणी फोनवर सांगितले, "वीसपर्यंत ओढा." लाल टोपणाच्या सिरिंजेत वीसची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. नारिंगीत तीच खूण म्हणजे एक-पंचमांश मिलिलिटर. सांगणाऱ्याने एक सिरिंज मनात धरली आणि घेणाऱ्याच्या हाती दुसरी असली, तर मात्रेत अडीचपट फरक पडतो. आमच्या सातवीच्या मुलांना हे उदाहरण घातले तर ती सोडवतील. घाईत असलेला मोठा माणूस चुकेल.

ही भीती काल्पनिक नाही. मिश्रण करून देणाऱ्या औषधशाळांतून सुट्या कुपीत मिळालेले सेमाग्लुटाइड घेताना काही रुग्णांनी ठरलेल्या मात्रेच्या पाचपट ते वीसपट औषध टोचून घेतल्याचे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये जाहीर केले. त्यांतील काहींना रुग्णालयात दाखल करावे लागले. तेव्हा कुपी असेल तर डॉक्टरांकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: किती मिलिग्रॅम, किती मिलिलिटर, आणि कोणत्या सिरिंजेत कोणत्या खुणेपर्यंत. पहिली सुई त्यांच्या किंवा परिचारिकेच्या देखत स्वतः घेऊन दाखवावी.

पेनांनी हा घोळ पुष्कळ कमी केला आहे. महिन्याच्या चार मात्रा एका पेनात असतात, आणि मात्रा पेनच मोजते. सुई मात्र प्रत्येक वेळी नवी लावावयाची आणि टोचून झाल्यावर काढून टाकावयाची. चार मात्रा झाल्यावर पेनात थोडे औषध उरलेले दिसते. टूथपेस्टची नळी कात्रीने कापून आतली पेस्ट वापरणारी आपली काटकसरी माणसे येथे मोहात पडतात आणि ते उरलेले सिरिंजने ओढून 'पाचवी मात्रा' घेतात. ती मात्रा किती, हे कोणालाच सांगता येत नाही. महिना उलटलेल्या पेनात जंतुसंसर्गाची भीती वेगळीच. ते टाकून द्यावे. तसेच, सुई बदलली तरी एक पेन दोघांनी वापरू नये, नवरा-बायकोनेही नव्हे. रक्ताचा सूक्ष्म अंश पेनात मागे जाऊ शकतो आणि त्यातून काविळीसारखे रोग पसरू शकतात.

घरातील वडीलधाऱ्यांविषयी मला अधिक काळजी वाटते. परदेशी असलेला मुलगा सुटीवर येताना बाबांसाठी पेन घेऊन येतो. हेतू उत्तमच. पण बाबा गेली दहा वर्षे मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेत आहेत, हे त्या पेनाला ठाऊक नसते. भूक मेली, जेवण निम्म्यावर आले, आणि गोळी मात्र पूर्वीचीच राहिली, तर साखर एकदम खाली येते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, प्रसंगी शुद्ध हरपणे. अशा रुग्णांची जुनी औषधे कमी करावी लागतात आणि ते काम डॉक्टरांचेच. जुन्या मधुमेह्याने डोळ्यांचा पडदा आधी तपासून घ्यावा. साखर झपाट्याने उतरली की पूर्वीचा नेत्रविकार काही काळ बळावू शकतो. औषध चालू असता एका डोळ्याने अचानक दिसेनासे झाले तर उद्यावर न टाकता रुग्णालय गाठावे. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला थायरॉइडचा 'मेड्युलरी' नावाचा कर्करोग झाला असेल, तर हे औषध घ्यावयाचे नाही. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल, पित्ताशयात खडे असतील, तर तेही आधी सांगावे.

मळमळ, बद्धकोष्ठ, ढेकर, जुलाब हे पहिल्या काही आठवड्यांचे सोबती. बहुधा ते पुढे निवतात. परंतु पोटात वर असह्य कळ येऊन ती पाठीकडे जात असेल आणि ओकारी थांबत नसेल, तर ओवा-सोडा देत बसू नये. ते स्वादुपिंडाच्या दाहाचे लक्षण असू शकते. सतत ओकाऱ्या-जुलाब होऊन पाणी पोटात ठरत नसेल तर मूत्रपिंडांवर ताण येतो. लघवी कमी व गडद होऊ लागली की डॉक्टरांना कळवावे आणि पुढची सुई त्यांना विचारूनच घ्यावी.

शस्त्रक्रियेची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. भूल देण्यापूर्वी रात्रभर उपाशी ठेवतात ते जठर रिकामे असावे म्हणून. या औषधावर असलेल्या माणसाचे जठर रात्रभराच्या उपासानंतरही रिकामे असेलच असे नाही, आणि भुलेत अन्न श्वासनलिकेत गेले तर जिवावर बेतते. हर्नियाचे ऑपरेशन असो वा दुर्बिणीने पोट तपासणे असो, शेवटची सुई कोणत्या तारखेस घेतली ते भूलतज्ज्ञास आपण होऊन सांगावे. पुष्कळ लोक लाजेने सांगत नाहीत. वजनाचे औषध घेतो हे शेजाऱ्यापासून लपवावे फार तर, भूलतज्ज्ञापासून नव्हे.

खाण्याविषयी. भूक मेलेली असते म्हणून एकादशी, संकष्टी, सोमवार सगळे उपास एकदम सोपे वाटू लागतात आणि उत्साही माणूस त्यात नव्याची भर घालतो. ते करू नये. उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूंचाही वाटा असतो. ताटात दोनच घास जाणार असतील तर ते वरण, उसळ, पिठले, ताक, दही, अंडे, मासा यांचे असावेत; साबुदाण्याच्या वड्याचे नव्हेत. तेलकट पदार्थांनी मळमळ वाढते, हे घेणाऱ्याला पहिल्याच रविवारी कळून चुकते. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता घोटघोट घेत राहावे. रोज चालणे आणि जोडीला खुर्चीतून उठबस करण्यासारखा थोडा जोराचा व्यायाम हा उतरत्या वयात तर औषधाइतकाच गरजेचा.

सोडल्यावर काय, हा प्रश्न सुरू करतानाच विचारावा. वर सांगितलेल्या २०२१ च्या चाचणीतील काही लोकांकडे औषध थांबविल्यानंतर एक वर्षाने पुन्हा पाहिले, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आले होते. म्हणजे रक्तदाबाच्या गोळीसारखे हे दीर्घकाळचे औषध आहे. मौन्जारोच्या कुप्या आल्या तेव्हा अडीचच्या कुपीची किंमत ३,५०० रुपये व पाचच्या कुपीची ४,३७५ होती, तीही एका आठवड्याची. स्पर्धेने किमती उतरतात हे खरे. तरी दोन वर्षांचा खर्च मांडून मगच आरंभ करावा. तीन महिन्यांत पैसे संपले म्हणून मध्येच थांबणे आणि बोनस मिळाल्यावर पूर्वीच्याच मोठ्या मात्रेने पुन्हा सुरू करणे, हा सर्वांत वाईट मार्ग. दोन-तीन आठवडे खंड पडला तर पुन्हा खालच्या पायरीवरून चढावे लागते काय, ते डॉक्टर ठरवतील. एखादीच सुई चुकली, तर वेगोवीचा नियम असा की, पुढच्या सुईला दोन दिवसांहून अधिक अवकाश असेल तर चुकलेली घ्यावी, नाहीतर सोडून द्यावी. मौन्जारोची चुकलेली सुई चार दिवसांच्या आत घेता येते. दोन्ही एकदम कधीच नाही. भिंतीवरील कॅलेंडरवर त्या-त्या वाराला खूण करणे आणि पोटाची डावी बाजू, उजवी बाजू, मांडी अशी जागा बदलून तीही शेजारी लिहिणे, हा उपाय मला सर्वांत सोपा दिसला.

खरेदी चिठ्ठीवर, पक्क्या बिलाने आणि ओळखीच्या दुकानातूनच. सेमाग्लुटाइडच्या बनावट मालाविषयी जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये जगाला सावध केले; असा माल ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडला होता. 'सलूनमध्ये मिळते', 'मैत्रिणीच्या भावाकडे स्वस्त आहे' असे औषध घेऊ नये. बिलावरील बॅच क्रमांक खोक्यावरील व पेनावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. न उघडलेले औषध फ्रीजमध्ये दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे. बर्फाच्या कप्प्याला चिकटून नव्हे, कारण एकदा गोठलेले औषध वितळल्यावर जसेच्या तसे दिसले तरी वापरू नये. उघडलेले पेन किती दिवस चालते ते निरनिराळ्या औषधांना निरनिराळे असते. पत्रकातील तो आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. ज्या गावी दुपारभर वीज नसते तेथे फ्रीज सारखा उघडू नये, आणि पुण्याला जाताना पेन गाडीच्या काचेखाली उन्हात ठेवू नये.

राहिली वापरलेली सुई. ती कागदात गुंडाळून केरात टाकली जाते आणि सकाळी घंटागाडीवरील माणसाच्या हातात घुसते. जाड प्लास्टिकचा, फिरकीच्या झाकणाचा डबा घ्यावा, सुई काढल्याबरोबर तीत बोट न घालता आत सोडावी, आणि डबा तीन-चतुर्थांश भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून दवाखान्यात नेऊन द्यावा. डब्यावर 'सुया' असे मराठीत आणि कन्नडमध्येही लिहावे.